दार घासतंय? रंधा खाली ठेवा, आधी चौकटीच्या उभ्या बाजू बघा

माझं पहिलं दार मी स्वतःच्या हाताने वाया घालवलं. बाथरूमचं दार होतं, कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासत होतं, मी काय केलं, रंधा घेतला आणि कड तासली. पंधरा दिवस बरं चाललं, मग परत घासायला लागलं, मग परत तासलं, असं तीनदा. पावसाळा संपला, लाकूड सुकलं आणि त्या फटीतून आतला दिवा दिसायला लागला. शेवटी एक जुने सुतार आले, त्यांनी दाराला हातसुद्धा लावला नाही, पिशवीतून ओळंबा (दोरीला लटकवलेला जड गोळा, लाकूड सरळ उभं आहे का ते बघायला) काढला आणि बिजागऱ्या ज्या लाकडावर होत्या त्याला लावला. वरचं टोक ८ एमएम आत झुकलेलं. वरच्या बिजागरीच्या मागे लाकूड आणि भिंत ह्यांच्यात नुसती पोकळी, त्यामुळे दार रोज ते लाकूड थोडं थोडं ओढत होतं आणि मी शहाणा दार तासत बसलो होतो. त्यांनी पोकळीत पाचर सरकवली, एक लांब स्क्रू भिंतीपर्यंत नेला, वीस मिनिटांत काम खल्लास. दार मात्र नवीन आणावं लागलं.

म्हणून हे लिहितोय. चौकट पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी, किंवा दुसऱ्याकडून बसवून घेताना शेजारी उभं राहून काय बघायचं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.

आधी नावं उरकून टाकू. चौकटीला वर एक आडवं लाकूड, खाली असला तर उंबरठा, आणि दोन्ही बाजूंना दोन उभी लाकडं. ह्या उभ्यांना कोणी खांब म्हणतं, इंग्रजी नाव जांब, आणि तो शब्द मूळ फ्रेंचमधल्या पाय ह्या अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे चौकट आपल्या ह्या दोन पायांवर उभी असते असं समजा. त्यातली एक बिजागरीची बाजू आणि दुसरी कुलपाची बाजू. दोघी दिसायला सारख्या पण कामं पूर्ण वेगळी. बिजागरीची बाजू दाराचं सगळं वजन उचलते, कुलपाची बाजू फक्त दार धरून ठेवते. आणि भिंतीचं वजन? ते दोघींपैकी कोणीच घ्यायचं नाही, ते वरच्या लिंटेलचं, म्हणजे मोकळ्या जागेवरच्या आडव्या तुळईचं काम. चौकटीच्या डोक्यावर पाचरी ठोकून लिंटेलला टेकवलेल्या कधी दिसल्या तर काढायला सांगा, नाहीतर वरचं थोडं जरी बसलं तरी आडवं लाकूड मधोमध वाकतं आणि दार अडकतं.

वजनाचा हिशोब एकदा करून बघा म्हणजे पुढचं सगळं पटेल. दार ३० किलोचं, ८० सेंटीमीटर रुंद, तर त्याचं वजन बिजागरीपासून ४० सेंटीमीटरवर काम करतं. वरची आणि खालची बिजागरी १६० सेंटीमीटर अंतरावर असतील तर वरच्या बिजागरीवर सतत साडेसात किलोची आडवी ओढ असते, लाकडाला भिंतीपासून सोडवायला बघणारी, आणि खालची बिजागरी तेवढ्याच जोराने लाकूड भिंतीत दाबते. हे दार नुसतं उभं असताना. त्यात पोरं हँडलला लोंबकळली की दुपटीच्या वर जातं. म्हणून खालची बिजागरी सहसा त्रास देत नाही, वरचीच देते.

माप घेताना

भिंतीतल्या मोकळ्या जागेची रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मधे, खाली, आणि सगळ्यात छोटं माप धरा. उंची पण डावीकडे, मधे, उजवीकडे. चौकटीच्या बाहेरच्या मापापेक्षा जागा दोन्ही बाजूंना साधारण १०-१२ एमएम मोठी हवी, म्हणजे पाचरी घालून हलवायला वाव राहतो. चौकट अगदी घट्ट बसतेय म्हणून खूश होऊ नका, घट्ट बसली तर ती भिंतीसारखी उभी राहणार, आणि भिंत सरळ असेलच असं कोणी सांगितलंय?

फरशीची तयार पातळी कुठे येणार हे आधीच भिंतीवर पेन्सिलने मारून घ्या. फरशी नंतर बसणार असेल आणि तुम्ही आत्ताच्या कोब्यावरून माप घेतलंत तर दार खालून कापावं लागतं, आणि उभ्या बाजूंची टोकं फरशीच्या मालात पुरली जातात, पाणी प्यायला एकदम मोकळी. प्लास्टर व्हायचं असेल तर त्याची जाडी पण धरा, आतलं साधारण १२-१५ एमएम, म्हणजे चौकटीचा दर्शनी भाग तयार प्लास्टरच्या बरोबरीने येईल.

लाकूड हातात आल्यावर

लाकडाचं एक टोक डोळ्याजवळ धरा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखं कडेवरून दुसऱ्या टोकाकडे बघा. कमान दिसते, पीळ पण दिसतो. थोडी कमान असेल तर चालतं, ते लाकूड कुलपाच्या बाजूला लावा आणि कमानीचा फुगीर भाग दाराच्या मोकळ्या जागेकडे करा, मधे स्क्रूने भिंतीकडे ओढून सरळ होईल. पिळलेलं लाकूड मात्र परत करा, त्याला उपाय नाही, निदान मला तरी सापडला नाही. बिजागरीच्या बाजूला दोघांतलं सरळ असेल ते.

लाकूड वाळलेलं हवं, घरातल्या कामाला ओलावा ८ ते १२ टक्के चांगला. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आणि जाडीत आकसतं, म्हणून ओल्या लाकडाची चौकट उंचीला तशीच राहते पण जोड उघडतात, बिजागरीचे स्क्रू सैल होतात.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट. भिंतीकडे जाणारी मागची बाजू आणि खालची टोकं बसवायच्या आधी प्राइमरने रंगवा. दिसत नाही म्हणून कोणी करत नाही. लाकडाचं आडवं कापलेलं टोक म्हणजे बारीक नळ्यांचा गठ्ठा असतो, पाणी तिथूनच सर्रकन वर चढतं, म्हणून टोकांना दोन हात मारा.

आणि दार टेकायची खाच कुठल्या बाजूला आहे ते बघा. खाचेची खोली दाराच्या जाडीएवढी, रुंदी साधारण १२-१५ एमएम. दार आत उघडणार की बाहेर, डावीकडे की उजवीकडे, हे चौकट उभी करायच्या आधी खडूने भिंतीवर लिहा. हसू नका, उलटी बसलेली चौकट मी बघितली आहे, तीही माल भरून झाल्यावर.

उभी करणं

चौकट जमिनीवर आडवी ठेवून जोडली की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले की काटकोन बरोबर. उदाहरणार्थ आतलं माप ९०० बाय २१०० असेल तर कर्ण २२८५ एमएमच्या आसपास यायला हवा. मग कोपऱ्यात एक तिरकी पट्टी तात्पुरती ठोका म्हणजे उचलताना बिघडणार नाही. अजून एक पट्टी हवी, ती म्हणजे वरच्या आडव्या लाकडाच्या लगेच खाली जी आतली रुंदी आहे तेवढीच लांब कापलेली, ती खाली अडसर म्हणून लावायची आणि तशीच अजून एक मधे. हे अडसर शेवटपर्यंत काढायचे नाहीत, का ते पुढे सांगतो.

आता चौकट जागेवर उभी करा, आणि इथे नवशिके हमखास चुकतात, दोन्ही बाजू एकदम सरळ करायला बघतात. तसं करू नका. आधी फक्त बिजागरीची बाजू. ती पूर्ण पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे बघायचंच नाही.

ओळंबा लावायची पद्धत अशी, वर एक खिळा मारून दोरी लाकडापासून समजा ५० एमएम दूर लटकवा, आणि मग वर, मधे, खाली पट्टीने अंतर मोजा. तिन्हीकडे ५० आलं की लाकूड सरळही आहे आणि ओळंब्यातही आहे. मधे ५३ आणि वरखाली ५० म्हणजे लाकूड मधे भिंतीकडे ओढलं गेलंय. वाऱ्याने ओळंबा डोलत असेल तर गोळा पाण्याच्या बादलीत सोडा, लगेच शांत होतो. लेव्हल (बुडबुड्याची पट्टी) वापरणार असाल तर लांब घ्या, १.८ मीटरची मिळाली तर उत्तम, एक फुटाच्या लेव्हलने दाराची उभी बाजू बघणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आणि लेव्हल खरी आहे का ते पण तपासा, लाकडाला लावा, बुडबुडा बघा, मग लेव्हल त्याच जागी तोंड फिरवून लावा, बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी नसेल तर लेव्हल खोटी आहे.

ओळंबा दोन दिशांना बघायचा असतो हे विसरू नका. एक भिंतीच्या रेषेत, म्हणजे लाकूड डावीउजवीकडे झुकलंय का, आणि दुसरी भिंतीच्या आडवी, म्हणजे खोलीत किंवा बाहेर कललंय का. पहिली सगळे बघतात. दुसरी राहते आणि मग दार आपोआप उघडतं नाहीतर मिटतं. दोन मीटरमध्ये २ एमएमपर्यंत फरक असला तर मी सोडून देतो, त्याहून जास्त नाही.

झुकण्याचा परिणाम किती होतो ते बघा. बिजागरीची बाजू २१०० उंचीत ५ एमएम दाराच्या मोकळ्या जागेकडे झुकली तर ९०० रुंद दाराचा कुलपाकडचा कोपरा जवळपास २ एमएम खाली येतो आणि वरचा कोपरा समोरच्या बाजूला ५ एमएम सरकतो. तुमची फट मुळात ३ एमएमची. म्हणजे गेलीच ना ती.

पाचरी

पाचर नेहमी जोडीने, दोन्ही बाजूंनी समोरासमोर सरकवायची, एकावर एक चढली की दोघींची मिळून सपाट गादी तयार होते. एकच पाचर एका बाजूने ठोकली की तिचा उतार लाकडाला पिळतो, डोळ्याला कळत नाही पण दार लावल्यावर कळतं. जागा ठरलेल्या, प्रत्येक बिजागरीच्या बरोबर मागे, आणि कुलपाच्या बाजूला कुलपाच्या पट्टीच्या मागे, शिवाय वर आणि खाली. मधे उगाच भरमसाठ पाचरी घालून काही मिळत नाही.

स्क्रू पाचरीतूनच जायला हवा. पोकळ जागेत स्क्रू आवळला की लाकूड धनुष्यासारखं आत जातं. एक स्क्रू आवळला की परत ओळंबा, दुसरा आवळला की परत ओळंबा, कंटाळा येतो पण इथे घाई केली तर पुढे जन्मभर तासत बसाल. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर प्लग आणि ७५ ते १०० एमएम लांब स्क्रू, किंवा होल्डफास्ट (चौकटीला लावून भिंतीत पुरायची लोखंडी पट्टी), प्रत्येक उभ्या बाजूला तीन, वरून आणि खालून साधारण ३० सेंटीमीटरवर एकेक आणि एक मधे. होल्डफास्टची भोकं खडी-सिमेंटने भरली की निदान दोन-तीन दिवस चौकटीला कोणी टेकायचं नाही.

दोन दोऱ्यांची ट्रिक

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कर्ण सारखे आले, दोन्ही बाजू डावीउजवीकडे ओळंब्यात, तरी दार वर टेकतं आणि खाली बोटभर उघडं राहतं. असं का, तर एक बाजू थोडी आत कललेली आणि दुसरी थोडी बाहेर, पायावर पाय टाकून बसल्यासारखी. कर्ण मोजून हे कळत नाही. चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर, एकाच तोंडावर, बारीक खिळे मारा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोऱ्या ताणून बांधा, मधे फुली होईल. दोऱ्या मधे एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. त्यांच्यात फट असेल किंवा एक दुसरीला ढकलत असेल तर चौकट पिळलेली आहे. टेकल्या असं वाटलं तरी वरची दोरी खालून आणि खालची वरून घेऊन परत एकदा बघा, कारण एका बाजूचा पीळ वरची दोरी लपवू शकते.

पीळ सापडला तर सगळा एकाच कोपऱ्यातून काढायला जाऊ नका. ६ एमएमचा असेल तर बिजागरीच्या बाजूचा पाय ३ एमएम इकडे आणि कुलपाच्या बाजूचा ३ एमएम तिकडे, डोळ्याला काही दिसत नाही.

आता कुलपाची बाजू. इथे माझी पद्धत ओळंब्यापेक्षा दाराची आहे, म्हणजे बिजागरीच्या बाजूला दार टांगा, बंद करा, आणि कुलपाची बाजू दाराच्या कडेला समांतर आणा, वरपासून खालपर्यंत ३ एमएमची फट, वर पण तेवढीच. दार थोडं वाकडं कापलेलं असलं तरी फट एकसारखी दिसते. अर्थात ओळंब्यापासून फार लांब जात असेल तर दारच बदला. ओला रंग व्हायचा असेल तर थोडी जास्त फट ठेवा, रंगाचे थर पण जागा खातात. खाली उंबरठा नसेल तर ५ ते १० एमएम.

बिजागऱ्यांबद्दल थोडक्यात, जड दाराला तीन, वरची वरच्या कडेपासून १५-२० सेंटीमीटरवर, खालची २०-२५ वर. पटाशीने खाच काढताना खोली बिजागरीच्या पत्र्याच्या जाडीएवढीच, जास्त खोल गेली की दार बंद होताना बिजागरीशी आवळतं आणि स्क्रू उपटायला बघतं. जास्त खोल गेलंच तर खाली पुठ्ठ्याची पट्टी घाला, सगळे घालतात.

फोम आणि माल भरताना

ते अडसर आठवतात ना? पीयू फोम, म्हणजे फटीत मारायचा आणि नंतर कडक होणारा फेस, फुगतो, आणि फुगताना त्याला भिंत हलत नाही म्हणून तो चौकटीची उभी बाजू आत ढकलतो. संध्याकाळी दार मस्त लागत होतं, सकाळी बंदच होईना, ही गोष्ट ह्याच कारणाने होते. कमी फुगणारा फोम घ्या, भिंतीला पाण्याचा फवारा मारा, फट अर्धीच भरा, आणि तो पूर्ण कडक होईपर्यंत खालचा आणि मधला अडसर जागेवर. फोम म्हणजे स्क्रूला पर्याय नव्हे, तो फक्त फट बुजवतो. अग्निरोधक दार असेल तर साधा फोम वापरायचा नाही आणि चौकट तासायची पण नाही, त्याच्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलंय तसंच करायचं.

पत्र्याच्या चौकटीत मागची पोकळी सिमेंटच्या मालाने भरतात, ती एकदम भरू नका, टप्प्याटप्प्याने भरा, नाहीतर ओल्या मालाच्या दाबाने पत्रा फुगतो. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) चौकटीला पाण्याची भीती नाही पण स्क्रूच्या आधी ड्रिलने भोक पाडून घ्या.

खिडकी

खिडकीच्या उभ्या बाजूंना हेच नियम, फरक दोन. सरकत्या खिडकीत त्यांच्यावर वजन येत नाही पण त्या सरळ नसतील तर झडप बंद केल्यावर वर टेकते आणि खाली पाचरीच्या आकाराची फट राहते, तिथून वारा, धूळ, पाऊस सगळं. दुसरा फरक पाण्याचा. पाणी अडवणारी पट्टी लावायचा क्रम खालून वर, आधी खालची बाजू, मग दोन्ही उभ्या, शेवटी वरची, म्हणजे प्रत्येक वरचा थर खालच्यावर येतो, कौलांसारखा. उलट लावलंत तर पाणी पट्टीच्या मागे शिरतं आणि उभ्या बाजूच्या खालच्या टोकात साचतं. सीलंट भरायच्या आधी फटीत गोल फोमची दोरी दाबा म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि ताणायला मोकळं राहतं. खालच्या चौकटीला पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात, ती सीलंटने बुजवू नका, नीटनेटकं दिसावं म्हणून लोक बुजवतात.

आधीच बसलेली चौकट त्रास देत असेल तर

दार अर्ध्यावर सोडून हात काढा आणि बघा. आपोआप मिटतं आणि कुलपाचा कोपरा खाली घासतो, तर बिजागरीच्या बाजूचं वरचं टोक दाराकडे झुकलंय. आपोआप उघडतं आणि तो कोपरा वर उचललेला दिसतो, तर ते भिंतीकडे झुकलंय. नव्वद अंशात जाऊन थांबतं तर लाकूड दार उघडतं त्या बाजूला कललंय. पहिल्या केसमध्ये वरच्या बिजागरीचा एक स्क्रू काढा आणि त्या जागी ७५ एमएमचा लांब घाला जो भिंतीत पकडेल, मागे पाचर आहे ना ते बघूनच, आणि दर पाव फेऱ्याला दार लावून बघत आवळा. ज्या भोकात स्क्रू फिरतच राहतो तिथे गोंद लावलेल्या लाकडी काड्या ठोकून कापून टाका, मग परत स्क्रू.

आणि महिन्यातून नाही पण वर्षातून एकदा तरी उभ्या बाजूंचा खालचा वीतभर भाग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, खास करून बाथरूमचा. टोक सहज आत गेलं तर रंगाच्या आत लाकूड सडलंय. पूर्ण चौकट काढायची गरज नसते. सडलेल्याच्या वर चांगलं लाकूड लागेपर्यंत जा, तिथे ४५ अंशात तिरकं कापा, उतार बाहेरच्या बाजूला म्हणजे पाणी जोडात न शिरता ओघळून जाईल, त्याच मापाचा नवीन तुकडा गोंद आणि दोन स्क्रूने बसवा. तुकडा ५ एमएम आखूड ठेवा, फरशीला टेकवू नका, ती फट सीलंटने भरा. आणि बसवायच्या आधी त्याच्या खालच्या टोकाला प्राइमर मारा, आधीचं लाकूड तिथूनच गेलेलं असतं.